इंजिनाचे डोके

दिवाळीत मुले एक प्रयोग हमखास करतात आणि त्यापायी घरच्यांची बोलणी खातात. रात्री न उडालेले चार फटाके सकाळी अंगणातून वेचायचे, त्यांतली दारू कागदावर ओतायची आणि तिला काडी लावायची. फुस्स असा आवाज होतो, पिवळा भपका उठतो, थोडा धूर निघतो आणि सारे संपते. तीच दारू, तेवढीच दारू, सुतळीच्या वेढ्यांत घट्ट आवळून पेटवली म्हणजे मात्र समोरच्या घराची तावदाने थरथरतात. दारू तीच आणि आगही तीच. दुसऱ्या वेळी तिला कोंडून ठेवले होते, एवढाच काय तो फरक.

इंजिनाच्या पोटात हेच चालते, पण तेथे एक पायरी अधिक असते. फटाक्यातली दारू नुसती कोंडलेली असते. इंजिनात हवा आणि इंधन आधी दाबतात आणि मग पेटवतात. किती दाबावे, आणि ज्या झाकणाखाली दाबायचे ते झाकण कोणत्या घाटाचे असावे, हे दोन प्रश्न गेली दीडशे वर्षे जगातल्या मोठमोठ्या कारागिरांची झोप उडवीत आले आहेत. सिलिंडरवरच्या त्या झाकणाला आपले मिस्त्री लोक 'हेड' म्हणतात. मला हा शब्द फार समर्पक वाटतो. इंजिनाचे बळ सिलिंडरात असेल, पण त्याचे शहाणपण या डोक्यात साठवलेले असते.

आमचा बुलढाणा जिल्हा हा इतिहास सांगण्यासाठी मुद्दाम घडवल्यासारखा आहे. जिल्ह्याचे दोन मजले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे घाटाखालचे तालुके पूर्णेच्या सपाट, काळ्या, कपाशीच्या खोऱ्यात पसरले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० फूट उंच, तर मलकापूर त्याच्या निम्म्याहूनही खाली. तेव्हा मलकापुराहून मोताळ्यामार्गे निघालेल्या मोटारीला आधी सपाटीवर धावावे लागते आणि मग राजूरचा घाट चढावा लागतो. खामगावाहून निघालेलीला बोथ्याचा घाट आहेच. सपाटीवरचा वेग आणि चढावरचा जोर या दोन्ही गोष्टी एकाच इंजिनाकडून मागायच्या, म्हणजे इंजिन जुळवणाऱ्याची खरी परीक्षा.

शिवाय दाब हा शब्द खामगावकराला शिकवावा लागत नाही. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा आठेक मैलांचा फाटा आला तो कापसासाठी. सरकीपासून सुटलेली ढगासारखी रुई प्रेसमध्ये घालायची आणि दाबून दाबून तिची गाठ बांधायची, हा त्या गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. माझे वडील तिथल्याच एका जिनिंगात इंजिनवर होते. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो, आणि 'दाब' हा पाठ आला की पुस्तक मिटून ठेवून वडिलांच्या इंजिनाच्याच गोष्टी सांगू लागलो. त्यांतल्याच काही आज वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ पॅरिसपासून करावा लागतो. १८६० साली लन्वार नावाच्या गृहस्थाने दिव्याच्या गॅसवर चालणारे एक इंजिन तयार केले. त्यात गॅस आणि हवा आत घ्यायची आणि न दाबता तशीच पेटवायची, अशी योजना होती. इंजिन चालले, पण खादाड निघाले. कागदावर ओतलेल्या फटाक्याच्या दारूची गत त्याची झाली. १८६२ मध्ये बो द रोशा नावाच्या फ्रेंच इंजिनियराने लिहून ठेवले की, मिश्रण पेटवण्यापूर्वी जितके दाबता येईल तितके दाबावे. त्याने ते फक्त लिहिले. प्रत्यक्षात आणले ते जर्मनीतल्या निकोलाउस ऑटोने, १८७६ साली. ओढणे, दाबणे, पेटणे आणि बाहेर टाकणे, असे चार फेरे असलेले त्याचे इंजिन म्हणजे आजच्या बहुतेक मोटारींचे आणि फटफट्यांचे मूळपुरुष होय.

ऑटोच्या इंजिनात मिश्रण अडीचपटीच्या आसपास दाबले जाई. हे 'पट' कसे मोजतात ते एकदा समजून घेऊ, म्हणजे पुढची वाट सोपी होईल. पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन माथ्याशी गेल्यावर उरणाऱ्या जागेने भागावे. येणारा आकडा म्हणजे दाबाचे प्रमाण. समजा, पिस्टन वरखाली होताना ५०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो आणि माथ्याशी ७१ घन सेंटिमीटर उरते. तर तळाशी असताना एकंदर जागा ५७१ झाली. ५७१ भागिले ७१ म्हणजे जवळजवळ आठ. आठास एक. आता हेडची खालची बाजू यंत्रावर घासून ही उरलेली जागा ५५ वर आणली, तर प्रमाण दहास एक होते. हेड घासणे या प्रकारात एवढेच गुपित आहे.

दाब वाढवल्याने फायदा काय? गणित असे सांगते की, चारास एक प्रमाण असेल तर इंधनाच्या उष्णतेपैकी जास्तीत जास्त ४३ टक्के कामी येऊ शकते. सहाला ५१, आठाला ५६, दहाला ६० आणि बाराला ६३ टक्के. प्रत्यक्षात झिज, घर्षण, थंड भिंती या साऱ्यांचा वाटा जाऊन हातात साधारण निम्मेच पडते, पण चढउताराची तऱ्हा हीच राहते. या आकड्यांकडे नीट पाहावे. चारावरून सहावर गेले की आठ टक्क्यांची मिळकत. दहावरून बारावर गेले की अवघे तीन. पहिल्या पायऱ्या भरघोस देतात, वरच्या पायऱ्या हात आखडता घेतात. आणि संकट मात्र वरच्याच पायऱ्यांवर दबा धरून बसलेले असते.

त्या संकटाचे नाव नॉकिंग. ज्यांनी जुनी मोटार घाटात ऐकली असेल त्यांना तो आवाज सांगायला नको. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा तो येतो. ठिणगी पडली की आग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने पसरावी, ही अपेक्षा असते. पण दाब फार झाला की दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण आगीची वाट न पाहता आपणच भडकते. दोन आगी समोरासमोर भिडतात, आणि पिस्टनवर घण पडतात. घाट चढताना इंजिन तापलेले, गाडी माणसांनी भरलेली आणि वेग कमी. नॉकिंगला याहून सोयीचा मुहूर्त कोणता? त्यात मे महिन्यात घाटाखाली ४४-४५ अंशांचा उन्हाळा. पेट्रोलमध्ये कोणी रॉकेलची भेसळ केली असेल तर विचारायलाच नको.

मोटारी जिल्ह्यात आल्या तेव्हा त्यांची प्रमाणे फार बेताची होती. फोर्डच्या १९२८ पासूनच्या 'ए' मॉडेलात ती सव्वाचारास एक होती. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरांची 'व्ही-एट' काढली, तिची साडेपाच. शेवरलेटचे सहा सिलिंडरांचे इंजिन १९२९ पासून आले, तेही पाचाच्या आसपास. फोर्ड आणि शेवरलेट या दोन्ही कंपन्या तेव्हा मुंबईत गाड्या जोडत असत; जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ते १९५४ पर्यंत चालला. या गाड्यांच्या सांगाड्यांवर लाकडी सांगाडी आणि पत्रे ठोकून सर्व्हिस मोटारी तयार होत आणि मालक मंडळींत दोन तट पडत.

तटाचे कारण हेडच होते. फोर्डचे व्हॉल्व सिलिंडरच्या बगलेत बसवलेले असत, आणि त्यावरचे हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट लोखंडी पाटा. बनवायला सोपे, उतरवायला सोपे, रस्त्यात कोठेही उघडता येण्याजोगे. पण बगलेतल्या व्हॉल्वसाठी जळणाची जागा पसरट, लांबोडकी ठेवावी लागे. आगीला लांब पल्ला पडे आणि कोपऱ्यातले मिश्रण भडकायला मोकळे राही. शेवरलेटने व्हॉल्व डोक्यात नेले. त्यामुळे जळणाची जागा आटोपशीर झाली आणि हवेची वाट सरळ झाली. पण टॅपेट, दांडे आणि झुलते हात असा सरंजाम वर आला, व तो वेळोवेळी जुळवून घेणे भाग पडले. माझे वडील म्हणत, "फोर्डवाला ड्रायव्हर चुना-तंबाखू खातो आणि शेवरलेटवाला टॅपेट लावतो."

बगलेतल्या व्हॉल्वच्या इंजिनाला खरा आधार दिला तो इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांनी. १९१९ च्या सुमारास त्यांनी अशा इंजिनासाठी नव्या घाटाचे हेड काढले. पिस्टनवरचा हेडचा भाग त्यांनी अगदी खाली आणला, इतका की माथ्याशी पिस्टन आला म्हणजे मधल्या चिंचोळ्या फटीतले मिश्रण पिळून निघे आणि व्हॉल्वकडच्या पोकळीत भोवऱ्यासारखे फिरे. भोवऱ्यात आग झपाट्याने पसरते, आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपणहून भडकायला अवसरच राहत नाही. धातूही तोच, पेट्रोलही तेच. केवळ आकार बदलल्याने दाब वाढवता आला. त्यांनी असेही एक प्रयोगाचे इंजिन बांधले होते, की चालता चालता त्याचे दाबाचे प्रमाण कमीजास्त करता येई. निरनिराळी इंधने त्यात घालून कोणते कोठे नॉक करते याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. हेड बदलण्याऐवजी पेट्रोलच बदलावे. १९२१ च्या डिसेंबरात टॉमस मिजली यांना आढळले की, शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले तर नॉकिंग थांबते. १९२३ पासून तसले पेट्रोल विकायला आले. १९२७ च्या सुमारास पेट्रोलची ही सहनशक्ती मोजण्यासाठी ऑक्टेनचा आकडा प्रचारात आला. दाबाची प्रमाणे मग भराभर चढली. पण त्या चिमूटभर शिशाची किंमत साऱ्या जगाने मोजली, कारण ते धुराबरोबर बाहेर पडून हवेत आणि लहान मुलांच्या रक्तात जात राहिले. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला. इंजिनियरांच्या इतिहासात असे शॉर्टकट पुष्कळ आहेत, पण इतका महाग दुसरा क्वचितच सापडेल.

दरम्यान अमेरिकेतल्या तरुणांनी या शास्त्राचा खेळ करून टाकला. स्वस्तात मिळालेली जुनी फोर्ड घ्यायची, हेड घासायचे किंवा अधिक दाबाचे ॲल्युमिनियमचे हेड बसवायचे, आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर ती पिटाळायची. महायुद्धानंतर सरळ पाव मैलाची शर्यत रूढ झाली. १९५१ मध्ये तिची राष्ट्रीय संघटनाही निघाली. त्यातला मोठा वर्ग असा की, सोमवार ते शनिवार तीच गाडी कामावर न्यायची आणि रविवारी तिच्यावरच शर्यत खेळायची. एकाच गाडीने दोन्ही संसार करायचे! आमच्या सर्व्हिस मोटारवाल्यांना सपाटी आणि घाट असा जो पेच पडे, तोच पेच या पोरांना रस्ता आणि शर्यत यांच्यात पडला. त्यातून काही धडे निघाले, ते आजही खोटे ठरलेले नाहीत.

पहिला धडा, इंधन आधी ठरवावे आणि दाब मागून. गावात जे पेट्रोल रोज मिळते त्याला सोसेल तेवढाच दाब घ्यावा. शर्यतीच्या दिवशी मिळणाऱ्या पेट्रोलच्या भरवशावर हेड घासू नये. दुसरा धडा हेडच्या धातूचा. ॲल्युमिनियम बिडापेक्षा उष्णता लवकर वाहून नेते. त्यामुळे त्याच इंधनावर ते साधारण एक आकडा अधिक दाब सोसते. तिसरा धडा सर्वांत सूक्ष्म. शर्यतीच्या कॅमने आत घेणारा व्हॉल्व उशिरा मिटतो. पिस्टन वर चढू लागला तरी तोंड उघडेच असल्यामुळे कमी वेगात थोडे मिश्रण आल्या वाटेने परत जाते, आणि कागदावर दहा दिसणारे प्रमाण प्रत्यक्षात आठासारखे वागते. म्हणून शर्यतीचा कॅम आणि बेताचा दाब यांची जोडी लावली तर गाडी चौकातून निघताना मरगळते. साधा कॅम आणि शर्यतीचा दाब यांची लावली तर पहिल्याच चढावर खडखडते. वधूवरांप्रमाणे या दोघांच्या पत्रिका जुळवूनच घ्याव्या लागतात. आणि चौथा, मोठ्या भोकांचे हेड पाहून हुरळू नये. भोके रुंद केली की कमी वेगात हवा सुस्तावते, आणि रोजच्या रस्त्यावर तर आपण कमी वेगातच असतो.

खुद्द जनरल मोटर्सच्या केटरिंग यांनी १९४७ मध्ये साडेबारास एक प्रमाणाचे इंजिन चालवून दाखवले. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारात अकराच्या आसपासच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. आणि १९७१ मध्ये, शिशाविना पेट्रोल यायचे म्हणून, त्याच कंपनीने आपल्या साऱ्या इंजिनांचे दाब उतरवले. चढलेली पायरी उतरावी लागते ती अशी.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाने वेगळाच धडा दिला. पेट्रोलचे रेशनिंग आले आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या टाक्या उभ्या राहिल्या. लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, निघणारा गॅस गाळायचा आणि तोच इंजिनाला पाजायचा. पहाटे क्लीनर पंखा फिरवीत बसे, आणि तासाभराने गाडी निघायला तयार होई. या गॅसमध्ये दम कमी. पेट्रोलच्या मानाने निम्म्याच्या आसपास बळ हरपे. वडील सांगत की, राजूरचा घाट आला म्हणजे धडधाकट उतारू न सांगता खाली उतरत आणि गाडीबरोबर चालू लागत. बायका, मुले आणि म्हातारी माणसे तेवढी आत राहत. गंमत अशी की, हा दुबळा गॅस नॉकिंगच्या बाबतीत मात्र पेट्रोलपेक्षा पुष्कळ सहनशील होता. हेड बदलून दाब वाढवला तर हरपलेल्या बळापैकी काही परत मिळवता येई. पण युद्ध संपले की पुन्हा पेट्रोलवर यायचे, मग हेड बदलण्याचा खर्च कोण करणार? बहुतेक गाड्या जुन्याच हेडवर कुंथत घाट चढल्या. घाटमाथ्यावरची विरळ हवाही याच हिशेबात धरावी लागते. बुलढाण्याला ती समुद्रकाठच्या मानाने सहाएक टक्के पातळ असते. तेवढे बळ कमी, पण तेवढाच नॉकिंगचा त्रासही कमी.

येथवर ठिणगीच्या इंजिनांची हकिकत झाली. जिल्ह्याच्या शेतीचा संसार मात्र ज्याने बदलला त्याला ठिणगी लागतच नाही. रुडॉल्फ डीझेल यांची कल्पना अशी की, नुसती हवाच इतकी दाबावी की ती आपोआप तापून लाल व्हावी, आणि मग तेल शिंपडताच पेटावे. सायकलच्या पंपाचे बूड हाताला चटका देते ते याच कारणाने. हवा सोळापट दाबली की तिचे तापमान पाचशे अंशांच्या घरात जाते. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्यांच्या इंजिनाने चाचणीत इंधनाच्या उष्णतेपैकी २६ टक्के कामाला लावून दाखवली. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना ही मजल स्वप्नातही साधणारी नव्हती. त्याआधीच, १८९० मध्ये, इंग्लंडच्या ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनी वेगळा तोडगा काढला होता. त्यांच्या इंजिनात दाब बेताचा असे. हेडवरचा एक पोकळ गोळा बाहेरून दिव्याने तापवायचा आणि तेल त्याच्यावर पडून पेटायचे. वडिलांचे पहिले इंजिन याच जातीचे. सकाळी ब्लो-लॅम्प लावून तो गोळा लालबुंद होईपर्यंत जिनिंगाचा सारा कारभार थांबून राही.

महाराष्ट्राने ही विद्या लवकर आत्मसात केली. साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकाच्या आरंभी डीझेल इंजिन तयार झाले. पुढे १९३७ मध्ये हेच गृहस्थ काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत विहिरीवरच्या मोटेचा नाडा सुटला. बैलांच्या चालीवर म्हटली जाणारी मोटेवरची गाणी थांबली आणि त्यांची जागा फटफटीने घेतली. किर्लोस्करांचे पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे इंजिन घ्या. त्याचे प्रमाण साडेसोळास एक. म्हणजे साडेपाचशे घन सेंटिमीटर हवा दाबून ती पस्तीसेक घन सेंटिमीटरांत, जेवणाच्या अडीच मोठ्या चमच्यांत, बसवायची. हॅण्डल मारताना एवढा दाब हाताला झेपत नाही, म्हणून हेडवर एक छोटी कळ असते. ती उचलली की व्हॉल्व उघडा राहतो. चाकाला वेग आला की कळ सोडायची, आणि पहिला 'धप्' ऐकू आला की पाणी आलेच म्हणून समजायचे. लिस्टर जातीच्या संथ इंजिनांत तर आणखी मौज होती. त्यांच्या हेडला एक चाकी असे. ती आवळली की बाजूची एक लहान कोठडी बंद होऊन दाब वाढे आणि थंडीतही इंजिन चालू होई; पूर्ण भार आला की चाकी सैल करून दाब उतरवायचा. अमेरिकेतले शर्यतवाले ज्यावर रात्री जागवीत, तो दाबाचा निर्णय आमचा शेतकरी रोज सकाळी दोन बोटांनी घेत होता.

पण हा निर्णय चुकला तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. जळगाव जामोदच्या बाजूला माझ्या काकांचा संत्र्याचा बगीचा होता. १९७१ च्या उन्हाळ्यात विहीर खोल गेली आणि इंजिन धापा टाकू लागले. गावातल्या एका हुन्नरी मिस्त्र्याने सल्ला दिला की, सिलिंडरच्या बुडाशी पातळ पत्र्याच्या चकत्या आहेत, त्यांतली एक काढली म्हणजे दाब वाढेल आणि इंजिन पाणी जोराने ओढील. सल्ल्यात थोडे तथ्य होतेही. चकती निघाली, आठ दिवस इंजिन खरोखरच तरतरीत चालले. नवव्या दिवसापासून ठकठक सुरू झाली. बेअरिंग आधीच झिजलेले होते, इंजिन तापून लोखंड फुगत होते, आणि पिस्टन दर फेऱ्याला हेडला शिवत होता. एका दुपारी हेडला तडा गेला. नवे हेड यायला सतरा दिवस लागले. बैल होते, पण मोट केव्हाच मोडीत निघाली होती. काकूंनी घागरींनी पाणी घालून जी झाडे जगवली तेवढी जगली, चाळीसेक वाळली. पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ आला, आणि काकांनी ती जागा पुन्हा कधी लावली नाही.

नवे हेड बसवायला खामगावाहून एक वृद्ध मिस्त्री आले होते. त्यांनी पिशवीतून शिशाच्या तारेचे दोन तुकडे काढले, पिस्टनच्या माथ्यावर ठेवले, हेड आवळले आणि चाक हाताने हळूच एक फेरा फिरवले. मग हेड पुन्हा उतरवून चेपलेली तार त्यांनी मोजली. मिलिमीटरभर जागा हवी होती. तार पाव मिलिमीटरही भरेना. त्यांनी काढलेली चकती परत घातली, पुन्हा मोजले, आणि काकांना म्हणाले, "मालक, तुमचं इंजिन अशक्त नव्हतं. फिल्टर चोंदला होता आणि विहीर खोल गेली होती. त्याचा दंड हेडला का?" मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. दोषाची जागा सोडून भलतीकडेच उपाय करू नये, हे यंत्रशास्त्राचे पहिले सूत्र मला त्या तारेच्या तुकड्यांनी शिकवले.

एस.टी.चा काळ आला तो डीझेलचाच. १९५६ नंतर आमचा भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि घाटात लाल गाड्या दिसू लागल्या. १९५४ पासून जमशेटपुरात तयार होणाऱ्या टाटा-मर्सिडीजच्या इंजिनातले हेड पाहण्यासारखे होते. त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटी वेगळी कोठडी असे. तेल आधी तिच्यात पेटे आणि पेटलेला लोळ चिंचोळ्या वाटेने पिस्टनवर येई. जळण मऊ होई, निकृष्ट तेलही चाले. पण कोठडीच्या भिंती उष्णता खात आणि त्यामुळे तेल जास्त लागे. पुढे तेल थेट पिस्टनवरच्या वाटीत फवारणारी इंजिने आली, ती काटकसरी ठरली. बगलेतला व्हॉल्व विरुद्ध डोक्यातला, तसा हा कोठडी विरुद्ध वाटी असा झगडा. आणि तोही हेडमध्येच लढला गेला. पेट्रोलच्या गाड्यांतही तेच. ॲम्बॅसडर आली ती बगलेतले व्हॉल्व घेऊन; १९५९ च्या सुमारास जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या इंजिनावर व्हॉल्व डोक्यात गेले, आणि तीच गाडी घाटात निराळी वाटू लागली.

आज विहिरींवर विजेचे पंप आहेत, सौर पंप येत आहेत, आणि जुनी इंजिने कडब्याच्या गंजीआड गंजत पडली आहेत. तरी दाबाची गोष्ट संपलेली नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळतात. त्यात उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, पण दाब सोसण्याची ताकद जास्त. म्हणजे त्याच्यासाठीच मुद्दाम अधिक दाबाचे इंजिन बांधले तर तोटा काहीसा भरून निघतो. जुन्या इंजिनाला मात्र तोट्याचीच बाजू पाहावी लागते. कोळशाच्या गॅसचीच ही दुसरी आवृत्ती. पेट्रोल इंजिनांची प्रमाणे आता अकरा-बारापर्यंत चढली आहेत, कारण नॉकिंग ऐकणारा कान इंजिनालाच बसवलेला असतो आणि तो क्षणात ठिणगी मागे घेतो. उलट डीझेलची प्रमाणे उतरत आहेत. २०१२ च्या सुमारास जपानच्या माझदा कंपनीने पेट्रोल आणि डीझेल अशी दोन्ही इंजिने चौदास एक या एकाच प्रमाणावर आणून ठेवली. ऑटोचा वारस चढत आला, डीझेलचा उतरत आला, आणि सव्वाशे वर्षांनी दोघे एका पायरीवर भेटले!

माझे जुने विद्यार्थी अजून अधूनमधून येतात. कोणाच्या मुलाला मोटारसायकलचे हेड घासून घ्यायचे असते, कोणाला जुन्या जीपचे. गाडीने वाऱ्याशी झुंजावे ही हौस या वयात असायचीच. तिला मी नावे ठेवत नाही. मी त्यांना फक्त चार प्रश्न विचारतो. तुझ्या गावच्या पंपावर कोणते पेट्रोल मिळते? गाडी उन्हाळ्यात माणसे भरून घाट चढणार आहे का? व्हॉल्व किती उशिरा मिटतो, हे कॅमच्या कागदावर पाहिलेस का? आणि पिस्टन व हेड यांच्यात किती जागा उरेल, हे मोजलेस का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुले बहुधा तोंडपाठ सांगतात. चौथ्या प्रश्नाला मात्र गप्प बसतात, आणि मग मी त्यांना बाजारातून दहा रुपयांची शिशाची तार आणायला पाठवतो.